अ‍ॅव्हेंजर २२० ला मागे १५० चा टायर बसेल का? रिम, चेन, चिमटा सगळ्यावर सल्ला हवाय

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. माझी अ‍ॅव्हेंजर २२० क्रूझ, स्पोकवाली. इतके दिवस कराडला घरी उभी होती, आता नोकरीच्या गावी म्हणजे पुण्याला आणलीय आणि हळूहळू मनासारखी करतोय. इंजिनचं काम झालं, टाकी परत रंगवली, हँडल थोडं मागे ओढून घेतलं, सीट नवीन शिवली. आता राहिलं मागचं चाक. बाजूने गाडी राजेशाही दिसते पण मागून बघितलं की एकदम सडपातळ वाटते, क्रूझर म्हणजे मागचा टायर कसा मडगार्ड भरून दिसला पाहिजे. सध्या कंपनीचाच १३०/९०-१५ आहे, पुढे ९०/९०-१७. माझ्या डोक्यात १५०/८०-१५ आहे. नाना पेठेत एकाला विचारलं तर तो म्हणाला आहे त्याच रिमवर १६० पण चढवून देतो, काळजी करू नका. तेच ऐकून उलट काळजी वाटायला लागली. वर्षातून बऱ्याचदा कुंभार्ली घाटातून चिपळूणला जाणं होतं, आई मागे बसते, पावसाळ्यात पण जातो. तर त्याच रिमवर चालेल का, चेनला घासेल का, अ‍ॅव्हरेजवर काय फरक पडेल, ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

गोदाकाठचा_रायडर
टाक बिनधास्त. माझ्या थंडरबर्ड ३५० ला आधी मागे १२०/९०-१८ होता, मी १७ ची रुंद अ‍ॅलॉय घेऊन १४०/७०-१७ टाकलाय. नाशिक-मुंबई हायवेला गाडी रुळावरून चालल्यासारखी जाते, आणि पार्किंगमधून जाताना स्वतःच मागे वळून बघतो अजून. क्रूझर माणूस मनासाठी घेतो, मनाला पटत असेल तर करावं.

व्हर्नियर
@गोदाकाठचा_रायडर तुमची गाडी छानच दिसत असणार पण तुम्ही टायरसोबत रिम पण बदललीत, धागाकर्त्याला दुकानदार जुन्याच रिमवर चढवतो म्हणतोय, हा फरक फार मोठा आहे.

@कोयनाकाठ आधी आकडे समजून घे म्हणजे कोणी काही सांगितलं तरी स्वतः तपासता येईल. १३०/९०-१५ म्हणजे टायरची रुंदी १३० मिमी, उंची रुंदीच्या ९० टक्के म्हणजे ११७ मिमी, आणि रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. वरची खालची उंची धरून पूर्ण चाकाचा व्यास ११७ + ११७ + ३८१ = ६१५ मिमी. आता १५०/८०-१५ चा असाच हिशोब केला तर ६२१ येतो, म्हणजे फक्त ६ मिमी वाढ, चाक जवळपास तेवढंच उंच पण दोन्ही बाजूंना १०-१० मिमी फुगलं. १४०/९०-१५ केलास तर व्यास ६३३, म्हणजे रुंदी बाजूला ५-५ मिमी वाढली पण उंची वाढली १८ मिमी, त्यातले ९ मिमी वर मडगार्डच्या दिशेने जाणार आणि गाडीची मागची बाजू पण तेवढ्या ९ मिमीने उचलली जाणार. त्यामुळे १४० हा १५० पेक्षा सगळीकडेच लहान आहे असं समजू नको, मडगार्डच्या बाजूने तोच मोठा आहे.

आणि रिम. रिमवर कुठेतरी रुंदीचा आकडा कोरलेला किंवा ठसा मारलेला असतो, MT ही रोमन अक्षरं आणि पुढे इंचात रुंदी. तो वाचून इथे टाक. प्रत्येक टायरला किमान आणि कमाल रिम रुंदी ठरलेली असते आणि टायर कंपन्या ती छापतात. १४०/७०-१७ सारख्या टायरला साधारण साडेतीन ते साडेचार इंचाची रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या दोन्ही भिंती आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. मग छापलेला १६० प्रत्यक्षात १६० भरतच नाही, ढोबळ नियम असा की रिम अर्धा इंच कमी झाली की टायरची रुंदी साधारण ५ मिमीने घटते. म्हणजे पैसे १६० चे, दिसणार त्याहून कमी, रस्त्याला टेकणार मधली चिंचोळी पट्टी, आणि तीच लवकर झिजणार. वळणावर त्या टोकावरून बाजूला पडताना गाडी एकदम पडते, सलग झुकत नाही.

लेथवाला_उद्यमनगर
भावा एक नंबर विषय काढलास. आमचं कोल्हापूर उद्यमनगरात लेथचं काम हाय, मोटारसायकलची बुश, स्पेसर, हब लय केलेत. माझ्याकडं गाड्या येतात त्या बहुतेक टायर घेऊन झाल्यावर येतात, आणि मग सांगतात चेन घासतीय जरा बघा. तू आधी विचारलंस ते बेस्ट केलंस. क्रम असा ठेव, आधी चिमटा (स्विंगआर्म, मागचं चाक धरणारे दोन दांडे) माप, मग रिम ठरव, मग टायर. उलटं केलं की चिमटा कापायची वेळ येती आणि चिमटा कापून वेल्डिंग मारलेली गाडी मी माझ्या पोराला देणार न्हाई.

माप कसं घ्यायचं ते सांगतो. गाडी मधल्या स्टँडवर लाव, चेनचं कव्हर काढू नको, हाय तसंच ठेव. टायरची सगळ्यात फुगलेली जागा जिथं हाय तिथून चेन कव्हरपर्यंत, चिमट्याच्या डाव्या आणि उजव्या दांड्यापर्यंत, ब्रेकच्या टॉर्क रॉडपर्यंत (ब्रेकची प्लेट फिरू नये म्हणून लावलेला दांडा), आणि वर मडगार्डच्या आतल्या नटबोल्टपर्यंत गॅप माप. नटबोल्ट म्हणतोय, पत्र्यापर्यंत न्हाई. मडगार्डच्या आत बोल्टचं डोकं बाहेर आलेलं असतं आणि खड्ड्यात पहिलं तेच टायरला लागतं. मग दोन्ही शॉकअप खालून सोडव आणि चाक हातानं पूर्ण वर उचल, तेव्हा वरची गॅप किती राहती ते परत माप. उभ्या गाडीत गॅप दिसती त्याला काय अर्थ न्हाई, आई मागं बसल्यावर आणि स्पीडब्रेकर लागल्यावर जी राहती ती खरी.

कोयनाकाठ
दादा खूप आभार, इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. या शनिवारी माप घेतो. @व्हर्नियर सर चेन टाईट करताना चाक मागेपुढे होतं त्याचा पण फरक पडेल ना?

व्हर्नियर
हो, चांगला प्रश्न. नवीन चेन असताना चाक सगळ्यात पुढे असतं तेव्हा टायर चिमट्याच्या आडव्या पट्टीच्या जवळ येतो, म्हणून माप चाक पूर्ण पुढे ओढून घे. आणि मोकळी जागा सगळीकडून १० मिमी तरी राहू दे, चालत्या टायरचा आकार वेगात थोडा वाढतो, खासकरून बायस प्लाय (आतले धागे तिरके असलेल्या) टायरचा, शिवाय टायरच्या खाचांमध्ये खडी अडकते. ५ मिमीमध्ये एक खडा अडकला की चेन कव्हर जातं.

व्यासाचं अजून एक. मागचं चाक मोठं झालं की गिअरिंग लांब होतं. १३०/९० वरून १४०/९० ला गेलास तर परीघ साधारण ३ टक्के वाढतो, त्याच स्पीडला इंजिन तेवढं कमी फिरेल, चढावर ओढ जरा कमी वाटेल. ड्रम ब्रेकचा जोर पण रस्त्यापाशी तेवढाच कमी पडतो. ३ टक्के म्हणजे फार नाही पण तुझ्या मागे ड्रम आहे, लायनर नवीन करून घेच. अ‍ॅव्हरेज थोडं पडेल, ते जास्त करून टायरच्या वजनामुळे आणि रस्त्यावरच्या घर्षणामुळे. स्पीडोची केबल पुढच्या चाकावरून असेल तर मागे काही केलं तरी स्पीडो तोच दाखवणार.

@गोदाकाठचा_रायडर तुमच्यात उलटं झालंय बघा, १२०/९०-१८ चा व्यास ६७३ आणि १४०/७०-१७ चा ६२८, चाक ४५ मिमीने लहान. त्याच स्पीडला इंजिन ७ टक्क्यांच्या आसपास जास्त फिरत असणार आणि गाडी मागून बावीसेक मिमी खाली बसली असणार.

गोदाकाठचा_रायडर
हे बरोबर बोललात, साईड स्टँडवर गाडी फार सरळ उभी राहायला लागली होती, जरा उताराची जागा असली की भीती वाटायची. स्टँड थोडा कापून घेतला मग ठीक झालं. पिकअपला मात्र शहरात मजा येते. हायवेला ९० च्या वर आवाज वाढलाय हे खरं. तरी मी परत जुन्या टायरवर जाणार नाही, उभी गाडी बघून जे समाधान मिळतं ते मिळतंच.

घाटवेडा
मी जरा वेगळं बोलतो, मला रुंद टायर आवडत नाही असं नाही पण घाटात चालवणाऱ्याने एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. टायर रुंद केला की पकड वाढते असं सगळे धरून चालतात. गाडीचं वजन तेच आणि टायरमधली हवा तेवढीच असेल तर रस्त्याला टेकणारा भाग क्षेत्रफळाने जवळपास तेवढाच राहतो, फक्त त्याचा आकार बदलतो, लांबट होता तो आडवा होतो. पकड येते ती जास्त करून रबराच्या जातीवरून. त्यामुळे चांगल्या कंपाउंडचा नवा १३० हा स्वस्तातल्या कडक १५० पेक्षा ओल्या घाटात कधीही बरा. आणि पाण्यात आडवा आकार उलट त्रास देतो, तेवढ्या रुंदीतलं पाणी बाजूला सारायला टायरला वेळ लागतो. कुंभार्लीत जुलैत जे पाणी रस्त्यावरून आडवं वाहतं ते तुला सांगायला नको.

दुसरं म्हणजे झुकणं. वळणावर गाडी झुकली की टायरचा टेकलेला बिंदू मधून बाजूला सरकतो. टायर जितका रुंद तितका तो जास्त सरकतो, म्हणून तेच वळण त्याच स्पीडला घ्यायला गाडी जास्त झुकवावी लागते. गाडी आणि स्वार यांचा गुरुत्वमध्य ६० सेंमीवर धरून मी ढोबळ हिशोब केला, ज्या वळणाला कागदावर ३५ अंश पुरतात तिथे १३० च्या टायरला साधारण ४ अंश जादा लागतात, १५० ला पावणेपाच, आणि २४० ला ८ च्या वर. १३० ते १५० फरक अर्ध्या पाऊण अंशाचा, म्हणजे त्याने जग बुडत नाही. पण अ‍ॅव्हेंजरचे फूटपेग आधीच पुढे आणि खाली आहेत, ते रस्त्याला लवकर टेकतात, आपल्याकडे अंश शिल्लक कमी आहेत. आणि मागचा टायर जास्त सरकतो, पुढचा ९० चा कमी सरकतो, या फरकामुळे गाडी वळणात शिरायला नको म्हणते, हँडलवर सतत जोर द्यावा लागतो. घाटात तासभर असं चालवलं की खांदे बोलतात.

श्टुटगार्टकर
वाचून मजा आली, इकडे जर्मनीत राहतो म्हणून लिहितो. हार्लेची २०१८ ची फॅट बॉय इकडे दिसते, मागे २४०/४०-१८ आणि पुढे पण १६०/६०-१८. घाटवेडा म्हणतात ते तिथे लक्षात येतं, मागे एवढा रुंद दिला तर पुढचा पण त्या मानाने रुंद दिलाय. आणि इकडे गाडीच्या कागदावर नसलेली टायर साईझ टाकायची तर ट्युव्ह किंवा डेक्रा या वाहन तपासणी संस्थांकडे गाडी तपासून कागदात नोंद करून घ्यावी लागते. टायर फिरताना कुठे घासतो का हेच ते आधी बघतात. कटकट वाटते पण ती तपासणी झाली की निवांत चालवता येतं. भारतात कायद्याने काय आहे?

कायद्याची_वही
भारतात मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे. आरसीवरचा तपशील आणि निर्मात्याने मूळ दिलेला तपशील यात फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही असं ते सांगतं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ आलं, त्यात परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. टायरवरून रस्त्यात कोणी अडवेल न अडवेल, पण चिमटा लांब करणं, चासी कापणं हे सरळ या कलमात सापडतं आणि अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर पण तेच बघतो. त्यामुळे करण्याआधी आरटीओत लेखी विचारून घ्या आणि विमा कंपनीला कळवा असं माझं म्हणणं.

आणि एक महत्त्वाचं, आई मागे बसते असं लिहिलंय म्हणून. रुंद टायर दिसावा म्हणून लोक पहिलं साडी गार्ड काढून टाकतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकलं जाईल असं संरक्षण पाहिजे, शिवाय धरायला हँडल आणि पाय ठेवायला फूटरेस्ट. पदर, ओढणी चाकात जाऊन झालेले अपघात आपल्याकडे सतत होतात. टायर कितीचाही घाल, साडी गार्डला हात लावू नको.

कोयनाकाठ
साडी गार्ड काढणार नाही, ते ठरलेलंच आहे, आई नऊवारीत पण बसते. पण रुंद टायर त्याला आतून घासेल का हे डोक्यातच आलं नव्हतं, ते पण मापतो.

चाकण_शिफ्ट_बी
एक उदाहरण देतो, हे बघून बरंच कळतं. होंडाची हायनेस सीबी ३५० आणि सीबी ३५० आरएस, दोन्हीत इंजिन तेच. हायनेसला मागे १३०/७०-१८ आणि आरएसला १५०/७०-१७. कंपनीने २० मिमी रुंदी वाढवली पण रिम एका इंचाने लहान केली. व्हर्नियर सरांचा हिशोब लावा, पहिल्याचा व्यास ६३९ आणि दुसऱ्याचा ६४२, फक्त ३ मिमीचा फरक. म्हणजे गिअरिंग, एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) हिशोब, गाडीची उंची सगळं जागेवर ठेवून रुंदी वाढवली. आपण बाहेर करताना पण हेच धोरण ठेवावं, व्यास हलू द्यायचा नाही. ड्युअल चॅनल एबीएसवाल्यांनी तर नक्कीच, कारण तो पुढच्या मागच्या चाकाच्या फिरण्याची तुलना करतो, व्यास बदलला की त्याला मिळणारं गणितच बदलतं.

आणि रॉयल एनफिल्डचं बघा, मीटिऑर ३५० ला मागे १४०/७०-१७, सुपर मीटिऑर ६५० ला १५०/८०-१६. ती गाडी २४१ किलोची आहे, चिमटा, हब, फ्रेम सगळं त्या हिशोबाने. म्हणजे २४१ किलोच्या ६५० ला कंपनीला १५० पुरेसा वाटला. आपल्या २२० ला १६० कशासाठी हा विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

कोयनाकाठ
मापं घेतली, मित्राला घेऊन शॉकअप सोडवून नीट केलं. चाक पूर्ण पुढे असताना चेन कव्हरकडे १६ मिमी, उजव्या बाजूला २१, टॉर्क रॉडकडे १८, साडी गार्डकडे भरपूर आहे. वर बोल्टपर्यंत चाक पूर्ण उचलल्यावर १७. आणि सध्याचा टायर व्हर्नियर कॅलिपरने मापला तर १२७ भरला, १३० नाही. डावी उजवीकडे गॅप सारखी नाही हे बघून आश्चर्य वाटलं. रिमचा आकडा गंजाखाली गेलाय, आत मापली तर पावणेतीन ते तीन इंचाच्या मध्ये वाटते.

व्हर्नियर
सुंदर माप घेतलंस. आता आकडे बोलतील. १५०/८० खराखुरा १५० भरला, आणि योग्य रिमवर तो भरणारच, तर तो सध्याच्या १२७ पेक्षा बाजूला साडेअकरा मिमीने वाढणार. चेनकडे १६ मधले साडेचार उरले. नाही चालणार. १४०/९० तर बाजूला साडेसहा वाढ, चेनकडे साडेनऊ उरले, बरंय, पण वर ९ मिमी वाढल्यावर १७ मधले ८ उरतात, म्हणजे बोल्टची डोकी आतून चपटी करून घ्यावी लागतील किंवा मडगार्ड जाड वॉशर देऊन ५ मिमी वर घ्यावं लागेल. म्हणजे १४० जमतो, जरा कष्टाने. १५० साठी चाक उजवीकडे सरकवणं किंवा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बाहेरच्या बाजूला सरकवणं आलं आणि तिथे मी तुला नको म्हणेन. चाक मधल्या रेषेतून सरकवलं की पुढचं मागचं चाक एका ओळीत राहत नाही आणि सरळ रस्त्यावर पण गाडी एका बाजूला ओढते.

टायर घेताना लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, बघ. मूळ १३०/९०-१५ वर ६६ आहे म्हणजे ३०० किलो. नवीन त्याच्या खाली नको.

घाटवेडा
१४० ला माझी हरकत नाही. कंपाउंड मऊ बघून घे आणि पहिला पाऊस ओढाताण न करता चालव.

लेथवाला_उद्यमनगर
१४० करायचं तर जुन्या रिमवर नको, साडेतीनची घे. रुंद रिमवर तारा बसवताना भोकांचा कोन बदलतो, जुन्या तारा लांबीला बसत न्हाईत, त्या नवीन बनवून घ्याव्या लागतात. जुन्या ओढून ताणून बसवल्या की डोक्यापाशी तुटतात, आणि एक तुटली की शेजारच्या तिच्यामागून जातात. तुझी गॅप डावीकडं कमी हाय म्हणून रिम बांधतानाच एक दोन मिमी उजवीकडं ऑफसेट देता येतो, पण तो आधी दोरी लावून बघायचा. पुढच्या चाकापासून मागच्यापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरी ताणायची आणि पुढच्या चाकाला दोन्हीकडं सारखी गॅप येतीय का बघायचं. कदाचित आत्ताच चाक वाकडं बसलं असंल, म्हणून डावी उजवी वेगळी दिसतीय. बुश झिजलं की असं होतं.

येताना जुनं चाक पूर्ण, स्पिंडल, दोन्ही बाजूची बुश, ड्रमची प्लेट, सगळं घेऊन ये, आणि टायर अजून घेऊ नको. रिम बांधून आउट (चाकाचा वाकडेपणा) काढला की मग त्यावर टायर घेऊ. ट्यूब पण १४० चीच पाहिजे, १३० ची ताणून बसवली की पातळ पडती आणि स्पोकच्या रिमला पंक्चर झालं की हवा एकदम जाती.

कोयनाकाठ
ठरलं दादा, १४०/९०-१५ आणि साडेतीनची रिम. पुढच्या महिन्यात सुट्टी टाकून कोल्हापूरला येतो, चाक गाडीतून घेऊन. चिमट्याची बुश पण सोबतच बघून घेऊ का?

लेथवाला_उद्यमनगर
घे बघून. चिमटा बाजूला हलवून बघ, जरा जरी खेळ लागला तर बदलूनच टाक, रुंद टायरला तो खेळ जास्त जाणवतो. आणि चाक बांधून दिल्यावर ५०० किलोमीटर झाले की परत आण, नवीन तारा बसतात म्हणजे सैल पडतात, त्या एकदा परत ताणाव्या लागतात. तोवर आईला मागं घेऊन घाटात जाऊ नको.